आकडा, पत्ते आणि ॲप: जुगार मेंदूत कसा घर करतो आणि त्याला बाहेर कसं काढायचं

कोकणात जुगाराचं स्वतःचं एक पंचांग आहे. मार्च ते मे आंब्याचे पैसे हातात येतात आणि नेमकी त्याच दिवसांत आयपीएल चालू असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, हंगामाचा हिशोब झाल्यामुळे खलाशाच्या खिशात रोकड आणि दिवसभर काम नाही. मग गणपतीत चाकरमानी येतात आणि जागरणाच्या नावाखाली पत्ते बसतात. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की देवळाच्या उजेडापासून जरा लांब अंदर-बाहरचा पट मांडला जातो. मटका बारा महिने असतोच, आणि आता त्यात खिशातला मोबाइल आला. ज्याला यातून सुटायचंय त्याने आणि त्याच्या घरच्यांनी हे पंचांग नीट ओळखावं, कारण पुढच्या बऱ्याच पायऱ्या त्यावर बेतलेल्या आहेत.

मेंदूला हवी असते ती वाट बघण्याची नशा

घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो: "परवा वीस हजार लागले होते ना, तेव्हाच का नाही उठलास?" खेळणाऱ्याकडे याचं उत्तर नसतं. उत्तर मेंदूत आहे.

डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामीनच्या पेशी उसळत. रसाच्या आधी ठरावीक इशारा द्यायला सुरुवात केली, तेव्हा थोड्याच दिवसांत पेशी रसाऐवजी इशाऱ्यालाच उसळू लागल्या. इशारा झाला आणि रस आलाच नाही, तर त्या नेहमीपेक्षाही खाली बसत. २००३ मध्ये याच गटाने पुढचा प्रयोग केला. रस मिळेल की नाही हे अगदी अर्धं-अर्धं ठेवलं, तेव्हा इशारा आणि निकाल यांच्या मधल्या वेळात पेशींची हालचाल सर्वांत जास्त चढत गेली. मिळणार हे नक्की असताना ती चढत नव्हती, मिळणार नाही हे नक्की असतानाही नव्हती.

आता हे मटक्याच्या टपरीवर आणून बघा. चिठ्ठी फाडल्यापासून आकडा फुटेपर्यंतचा वेळ, तिसरं पान उचलून हळूच सरकवण्याचा क्षण, शेवटच्या षटकातले सहा चेंडू. सगळा माल या मधल्या वेळात आहे. वीस हजार लागले की तो वेळ संपतो आणि तो परत मिळवायचा तर पुन्हा लावावं लागतं. म्हणून जिंकलेला माणूस उठत नाही. "एकदा मोठा आकडा लागला की बंद करणार" हा विचारही यामुळेच पोकळ आहे. मोठा आकडा लागला तर ओढ आणखी वाढते.

यात तीन गोष्टींची भर पडते.

पहिली, कधीतरीच मिळणारं बक्षीस. गरवायला बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गरीला दर दहा मिनिटांनी न चुकता मासा लागला असता, तर एक दिवस न लागल्यावर तो सामान आवरून घरी गेला असता. कधी लागतो, कधी नाही, म्हणून अंधार पडला तरी "अजून एकदा टाकून बघू" सुटत नाही. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर हेच दाखवलं होतं. अनियमित बक्षिसाने लागलेली सवय बक्षीस थांबल्यावरही फार काळ टिकते.

दुसरी, थोडक्यात हुकणं. मटक्यात ४७ची जोडी, म्हणजे दोन आकडी अंक, लावली आणि ४६ आली. गणिताच्या दृष्टीने ४६ येणं आणि ०३ येणं सारखंच, पैसे दोन्हीकडे गेले. मेंदू मात्र तसं मानत नाही. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं की, जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच थोडक्यात हुकल्यावरही जागे होतात. लोकांना ते हुकणं आवडत नव्हतं, तरी पुढचा डाव खेळायची इच्छा वाढत होती. मोबाइलवरच्या खेळांमध्ये अशी हुकणी पेरलेलीच असतात.

तिसरी, लगाम ढिला पडणं. कपाळाच्या मागचा मेंदूचा भाग "आज नको, उद्या हप्ता आहे" असं सांगतो. हा भाग पूर्ण पिकायला वयाची पंचविशी उजाडते, त्यामुळे कॉलेजातला मुलगा यात लवकर अडकतो. जागरण, दारू आणि ताण यांनी तो मोठ्या माणसातही ढिला पडतो. गणपतीत रात्री दोनला, दोन पेग झाल्यावर मांडलेल्या डावात तिन्ही एकत्र असतात. मग सुरू होतं, "गेलेले तेवढे काढतंय, मगे बंद." गेलेल्या पैशाची टोचणी मिळालेल्या पैशाच्या आनंदापेक्षा जास्त असते, आणि ती थांबवायला माणूस शुद्धीत कधी लावणार नाही एवढी रक्कम लावतो. सर्वांत मोठी नुकसानं अशाच तासाभरात होतात.

हळूहळू पन्नासात काही वाटेनासं होतं, पाचशे लागतात. खेळ थांबवला की चिडचिड, झोप उडणं, हात रिकामे वाटणं. दारूचीच लक्षणं आहेत ही. म्हणूनच २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात नेऊन बसवला.

इथे एक आडवळण, पण महत्त्वाचं. घरातल्या वयस्क माणसाने आयुष्यभर पत्त्याला हात लावला नव्हता आणि आता अचानक लॉटरी, आकडे, पैसे उडवणं सुरू झालं, तर त्यांच्या गोळ्यांचा डबा बघा. कंपवातासाठीची प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल, आणि क्वचित मानसिक आजारासाठीची ॲरिपिप्राझोल, यांनी अशी ओढ निर्माण होऊ शकते. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा औषध बदलतात.

एकदा वहीत हिशोब मांडा

मटक्याची सुरुवात १९६०च्या दशकात मुंबईत झाली, न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर पैसे लावण्यातून. पुढे मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले आणि तेच नाव पडलं. "चार्ट", म्हणजे मागच्या आकड्यांचा तक्ता, बघून आकडा काढणाऱ्याला ही गंमत सांगून काही फरक पडत नाही, पण वहीतला हिशोब कधीकधी पडतो.

० ते ९ या दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावा. खर्च १०० रुपये. एक आकडा येणारच. एकेरीचा भाव साधारण एकास नऊ असतो, म्हणजे हातात ९०. सगळे आकडे लावूनही दहा रुपये गेले. हे दहा रुपये नशिबाने गेलेले नाहीत, ती धंद्याची पट्टी आहे आणि ती दर वेळी कापली जाते. लागलेले पैसे परत लावत गेलं की १००० रुपयांचे सरासरी दहा फेऱ्यांनंतर साधारण ३५० उरतात, वीस फेऱ्यांनंतर १२०. हे सगळं आकडा प्रामाणिकपणे निघतो असं धरून. तसा तो निघतोच, असं मानायला कारण नाही.

चार्टचं म्हणाल तर आठ दिवस सात आला नाही म्हणून आज येईल, असं काही नसतं. फाशांना आणि चिठ्ठ्यांना आठवण नसते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत चक्रावर सलग २६ वेळा काळा रंग आला. "आता तरी लाल येणारच" म्हणून लोक प्रत्येक फेरीला जास्त लावत गेले आणि बुडाले.

रमीवाला म्हणेल, आमचा खेळ डोक्याचा आहे. असेल. पण पैशाच्या टेबलावर खेळवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो, त्यामुळे टेबलावरचे सगळे मिळून कायम तोट्यातच असतात.

व्यसन आहे की नाही, हे कसं ठरवायचं

गेल्या बारा महिन्यांचा विचार करून हो किंवा नाही म्हणा. तीच मजा येण्यासाठी रक्कम वाढवावी लागली का? बंद करताना चिडचिड, अस्वस्थता झाली का? बंद करायचा प्रयत्न करून फसला का? दिवसभर डोक्यात तेच असतं का, मागचे डाव, पुढचे पैसे? मन खट्टू असलं की खेळायला जाता का? गेलेले काढायला दुसऱ्या दिवशी परत जाता का? किती गेले हे घरी लपवता का? यापायी काम, शिक्षण किंवा नातं धोक्यात आलं का? देणी भागवायला दुसऱ्याकडे हात पसरावे लागले का?

नवापैकी चार "हो" आले की ते निदानाच्या रेषेपलीकडे गेलं. सहा-सात म्हणजे मध्यम, आठ-नऊ म्हणजे तीव्र. गणपतीत वर्षातून दोनदा शंभर रुपयांचा डाव टाकणाऱ्याला यात ओढायचं कारण नाही. पण एकटं "लपवता का" याला जरी "हो" असेल, तरी पुढची पायरी करून बघाच.

पहिली पायरी: सगळी देणी एका कागदावर

बहुतेक जण इथे उलटं करतात. आधी ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून शपथ, गाऱ्हाणं. शपथेला नावं ठेवायची नाहीत, पण ती एकटी टिकत नाही. मोडली की लाज दुप्पट होते आणि माणूस आणखी लपवायला लागतो. आधी कागद, मग नारळ.

एक संध्याकाळ काढा. समोर ठेवा: बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, यूपीआय ॲपमधला व्यवहारांचा इतिहास, सोनेतारणाच्या पावत्या, पतसंस्थेची पुस्तकं. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तोही काढा. मोबाइलवरच्या ॲपकडून घेतलेली छोटी कर्जं बऱ्याचदा त्यातच सापडतात. वहीत पाच रकाने: कोणाचे, किती, व्याज किती, कधीपर्यंत, तारण किंवा कोरा चेक काय दिला.

इथे काय चुकतं? एक देणं लपवलं जातं, आणि ते नेमकं सर्वांत वाईट असतं: व्याजी घेतलेले, किंवा बुकीची उधारी. म्हणून यादी झाल्यावर "आणखी एक कुठलं राहिलं?" असं शांतपणे विचारा. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. उत्तर आल्यावर आरडाओरडा झाला, तर पुढचं देणं कधीच बाहेर येणार नाही.

ज्या दिवशी ही यादी बाहेर येते, तो दिवस जिवाला धोक्याचा असतो. जुगारात अडकलेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण जास्त असतं, आणि देणी उघडी पडण्याचा काळ त्यात सर्वांत नाजूक. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस माणसाला एकटं सोडू नका. आंब्याच्या फवारणीची औषधं कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडे. "तुझ्या मनात जिवाचं काही येतं का?" असं थेट विचारायला घाबरू नका, विचारल्याने विचार पेरला जात नाही. "हो" म्हणाला तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तातडी असेल तर ११२.

दुसरी पायरी: पैशाची वाट बंद करणं

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. ओढ येणारच आहे. ती आल्यावर हाताशी पैसे नसले, तर ती येऊन निघून जाते.

निदान एक वर्ष पैसे दुसऱ्या एका माणसाने सांभाळायचे. बायको, आई, मोठा भाऊ, जो खंबीर आहे तो. फक्त यूपीआयचं ॲप काढून टाकणं म्हणजे दार लोटून खिडकी उघडी ठेवणं. डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी मिळाला की नवीन पिन दोन मिनिटांत तयार होतो. म्हणून कार्डही त्या माणसाकडे द्यायचं, आणि शाखेत जाऊन खात्यावरची यूपीआय आणि नेट बँकिंगची सोय बंद करायला लेखी अर्ज द्यायचा. पगार किंवा बिलाचे पैसे ज्या खात्यात येतात, ते दोघांच्या सहीने चालेल असं करून घ्या. "कोणा एकाच्या सहीने" हा पर्याय निवडला, तर काही उपयोग नाही.

आंबा बागायतदाराने दलालाला सांगून ठेवावं की हंगामाची उचल आणि पट्टीचे, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचे, पैसे घरच्या खात्यात जातील, हातात रोख नको. खलाशाने तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) किंवा मालकाला तेच सांगावं. लाज वाटेल. पण बंदरावर कोण कुठे बसतो हे मालकाला बहुधा आधीच ठाऊक असतं.

रोजच्या खर्चाला ठरलेली रक्कम, समजा दोनशे रुपये, आणि संध्याकाळी हिशोब. पावती मागणं अपमानाचं वाटतं, म्हणून हे पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून ठरवायचं आणि तारीख लिहायची: तीन महिन्यांनी रक्कम वाढवू, वर्षाने पुन्हा बसू.

दागिने लॉकरमध्ये. सातबाऱ्यावर नाव असेल तर कुलमुखत्यारपत्र, हक्कसोड किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही यातलं काहीही या वर्षात करायचं नाही. कलमांची बाग पाच वर्षांच्या कराराने देऊन आगाऊ रक्कम उचलण्याचा मोह इथेच होतो. ती रक्कम एका आयपीएलमध्ये संपते आणि झाडं पाच वर्षं दुसऱ्याची राहतात.

तिसरी पायरी: फोन

फोन रिकामा करताना ॲपपेक्षा गटांकडे आधी बघा. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरचे "गेसिंग"चे, टिप देणारे, "आयडी" (सट्टा लावायचं ऑनलाइन खातं) देणारे गट सोडा आणि क्रमांक ब्लॉक करा. फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणचं ॲप टाकायची परवानगी बंद करा, पैशाचे खेळ तिथूनच येतात. बेटब्लॉकर नावाचं मोफत ॲप जुगाराच्या संकेतस्थळांना ठरावीक काळासाठी अडवतं. काळ निवडताना एक वर्ष निवडा, चोवीस तास नव्हे. दुसरं सिम आणि जुना फोन घरात कुठे पडलाय, तेही बघा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. शिक्षा खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पण परदेशातून चालणारे आयडी अशा कायद्याने आपोआप थांबत नाहीत, आणि तिथे अडकलेले पैसे मागायला दारही नसतं. पैसे फसवून गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

चौथी पायरी: ओढ आली की

समुद्रात उभ्या माणसाला माहीत असतं: मोठी लाट छातीवर घ्यायला गेलं की ती पाडते. थोडी उडी मारून वर राहिलं की पायाखालून निघून जाते. ओढ तशीच आहे. ती चढते, माथ्यावर येते, आणि तिला खाऊ घातलं नाही तर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरते. खेळणाऱ्याला हे माहीत नसतं, कारण त्याने तिला उतरू दिलेलंच नसतं.

हे असं करायचं. ओढ जाणवली की घड्याळ बघून वेळ लिहा आणि शून्य ते दहा असा जोर लिहा, समजा "६.४०, जोर ८". पैसे आणि फोन घरच्यांच्या हातात देऊन बाहेर पडा, टपरीच्या विरुद्ध दिशेला. दहा मिनिटांनी पुन्हा जोर लिहा. ओढ अंगात कुठे आहे ते बघा: छाती, पोट, हात. तिच्याशी वाद घालू नका, "फक्त शंभर" अशी घासाघीस तर मुळीच नको. अर्ध्या तासाने तिसरा आकडा लिहा. आठ-दहा वेळा असं लिहून झालं की वहीतच दिसतं, ८चा ३ होतो. पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत कठीण, आणि आकडा फुटायच्या ठरलेल्या वेळी तर हमखास.

उपाशी, चिडलेले, एकटे किंवा थकलेले असताना लाट मोठी येते. तेव्हा आधी जेवा.

"खेळत नाही, नुसतं बघायला बसतो" हे पहिल्या वर्षी नको. वर माकडाचा इशारा सांगितला तो हाच: पत्ते पिसण्याचा आवाज, टपरीवरचा फळा, मित्राचा "बस की रे". बिनपैशाचे पत्तेही नकोत. नकाराचं एक वाक्य तयार ठेवा. "पैसे बायकोकडे असतात" हे सर्वांत चालतं, कारण लोक हसतात आणि विषय संपतो. आणि ते खरंही असतं.

रिकामी झालेली वेळ नुसती रिकामी ठेवली तर परत भरते. संध्याकाळी सहा ते नऊ कुठे असायचं, हे वारानुसार लिहा: भजनाचा सराव, जाळी दुरुस्ती, व्यायाम, पोराचा अभ्यास. सुरुवातीला या सगळ्यात राम वाटणार नाही. मेंदूला जोराच्या उसळीची सवय आहे, साध्या गोष्टींची चव परत यायला काही महिने लागतात. हे आधी माहीत असलं की माणूस "मला कशातच मजा येत नाही" म्हणून परत वळत नाही. एक सावधगिरी: गावच्या टेनिस बॉल स्पर्धांवर पैसे लागत असतील, तर तिथे वेळ घालवणं म्हणजे औषध नव्हे.

पाचवी पायरी: डॉक्टर

घरच्या घरी सगळं जमेलच असं नाही. वरच्या यादीत सहापेक्षा जास्त "हो" असतील, सोबत दारू असेल किंवा झोप पूर्ण गेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस इथल्या जिल्हा रुग्णालयांत चौकशी करा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र चालतं. जायला कठीण असेल, तर आधी टेली-मानसवर बोला. तिथून जवळचा पत्ताही सांगतात.

उपचारात मुख्य भाग बोलण्याचा असतो. विचार आणि वर्तन बदलण्याची पद्धत, साधारण आठ ते बारा बैठका, आठवड्याला एक. दोन बैठकांनंतर "बरं वाटतंय" म्हणून थांबणं ही नेहमीची चूक. काही जणांना डॉक्टर नालट्रेक्सोन देतात, त्याने ओढीचा जोर कमी होतो. त्याआधी यकृताची तपासणी होते, आणि अफूवर्गातली वेदनाशामक औषधं चालू असतील तर ती सांगावीच लागतात. मेडिकलमधून परस्पर आणायची ही गोळी नाही. नैराश्य असेल तर त्याचा उपचार वेगळा.

डॉक्टरला सांगितलेलं पोलिसांपर्यंत जाईल ही भीती बाळगू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे.

देणी कशी फेडायची

मुंबईचा भाऊ एकदम सगळं फेडून टाकतो, ही सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत महाग चूक. डोक्यावरचा भार उतरतो, बाजारातली पत परत येते, आणि सहा महिन्यांत तेवढंच कर्ज पुन्हा उभं राहतं. भावाने मदत करायची तर पैसे खेळणाऱ्याच्या हातात न देता ज्याचं देणं आहे थेट त्याच्या खात्यात, पावती घेऊन, आणि दुसरी पायरी पूर्ण झाल्यावरच.

क्रम असा ठेवा. आधी घरखर्च, औषधं, पोरांची फी. मग सोनेतारण, लिलावाची तारीख बघून. मग बँक आणि पतसंस्था, जिथे लेखी अर्ज देऊन हप्ता कमी करून मागता येतो. हातउसने घेतलेल्यांना स्वतः भेटून सांगा, "महिन्याला पाचशे देईन." छोटा पण न चुकणारा हप्ता मोठ्या वायद्यापेक्षा चांगला.

बिनपरवाना व्याजाने पैसे देणाऱ्याचं वेगळं. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ मध्ये आला. त्याखाली सहकारी संस्थांच्या तालुका सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. दिलेले कोरे चेक आणि स्टॅम्पपेपर यांची नोंद तक्रारीत करा. बुकीच्या उधारीसाठी कोणी कोर्टात जाऊ शकत नाही, पैजेचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे रद्दबातल असतो. घरी येऊन कोणी धमकावलं, तर ११२.

पाय घसरला तर

बहुतेकांचा एकदा तरी घसरतो. शंभर रुपये गेले की मन म्हणतं, "आता मोडलंच आहे तर काढून घेऊ," आणि त्या एका वाक्याने शंभराचे दहा हजार होतात. त्यामुळे घसरण्याआधीच ठरवून ठेवा: खेळलो तर त्याच दिवशी, झोपायच्या आधी, पैसे सांभाळणाऱ्या माणसाला रक्कम सांगायची. त्याने त्या रात्री भाषण द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त शोधायचं, भोक कुठे होतं? पैसे कुठून आले, फोन कोणाचा होता, कोणती वेळ होती, मनात काय होतं? सापडलेलं एक भोक बुजवायचं आणि वही तिथूनच पुढे चालू. शून्यापासून मोजायची गरज नाही.

शेवटी भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि लाल पेनाने पुढच्या वर्षाच्या खुणा करा. आयपीएलचा पहिला आणि शेवटचा सामना. दलालाची पट्टी यायचा आठवडा. होड्या वर ओढल्यापासून पहिले पंधरा दिवस. गणपतीच्या सगळ्या रात्री. गावची जत्रा. प्रत्येक खुणेपाशी दोन गोष्टी लिहा: त्या रात्री कुठे असणार, आणि कोणाला फोन करणार. गणपतीत पत्ते बसतात त्या घरी आरतीला जायचंच असेल, तर आरती संपली की निघायचं, सोबत पोराला न्यायचं, खिशात चपलांच्या जागेपर्यंत उजेड पडेल एवढी बॅटरी आणि पैसे शून्य. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडून दोघांनी बसायचं.